शेवटच्या कडव्यातलं नाव

झिंज, बहरीन
शुक्रवार, १० नोव्हेंबर १९९५

रावजीदादा,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र पोचलं. पाकिटावर तुम्ही 'बहरीन देश' एवढं ठळक लिहून पेटी नंबर मुंगीसारखा बारीक लिहिलात, तरी आलं. इथं पोस्टमन दारात येत नाही. शैलेंद्रसाहेबांच्या ऑफिसच्या पेटीत पत्र पडतं, ते संध्याकाळी आणून फ्रिजवर ठेवतात. मी हात पुसून ते घेते, पण लगेच उघडत नाही. भांडी होईपर्यंत पत्र अजून वाचायचं आहे असं वाटत राहतं. तेवढंच बरं.

कामाचं विचारलंत. जड नाही. माणसं तीन. साहेब, सुनीताताई आणि सहा वर्षांची शिवांगी. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते. आमची भांडणंसुद्धा अशीच दोन भाषांत होतात आणि दोघींना बरोबर कळतात. सुनीताताई मनानं चांगल्या आहेत. गणपतीत म्हणाल्या, "हेमाताई, तुमचा गळा बरा आहे, आरती तुम्हीच म्हणा." मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. त्यांनी सुंठ-गूळ दिला. तो खाताना मला माझीच लाज वाटली.

पण दादा, दीड वर्ष झालं, मी मोठ्यानं गायले नाही. तुमच्या ढोलकीमागं उभं राहून तीन-तीन तास कोरस देणारी मी. इथं भिंतीला भिंत लागून घरं. गळा मोकळा केला तर चार मजले ऐकतील. स्वयंपाकघरात वाफ ओढणारा पंखा आहे. तो लावते आणि त्याच्या आवाजाखाली गुणगुणते. पंखा एकाच सुरात चालतो, काळी दोनच्या जरा खाली. मी त्यालाच पेटी समजते. मागच्या घरात आमिनाबाई म्हणून एक म्हातारी राहते, इथलीच. तिचे वडील समुद्रात बुडी मारून मोती काढायचे. तिला माझं गुणगुणणं खिडकीतून ऐकू जातं. बाजारातल्या दुकानदारांकडून शिकलेल्या हिंदीत विचारते, "हेमा, आज गाना मफी?" म्हणजे आज गाणं नाही का.

सोबत एक गाणं आणि चालीची कॅसेट पाठवते. मंडळी बाहेर गेली होती तेव्हा हळू आवाजात भरली. आधीची चार पाठवली तसंच हेही यांचंच आहे. काम करता करता आठवलं, लिहून काढलं. हे जाऊन तीन वर्षं झाली, पण कुठून कुठून आठवत राहतं.

खारट दर्याच्या तळी झरा गोडाचा वाहे
तहानल्या माणसाची वाट तिथं कुणी पाहे

आणि शेवटचं कडवं:

दशरथ म्हणे बुडी मार, वरचं पाणी नको पाहू
भीमानं दाविली वाट, आता तहानलेलं का राहू

श्रावस्तीला सुट्टी लागली की नांदेडहून तुमच्याकडं येईल. तिला म्हणावं, आई मजेत आहे.

हेमा


सावरखेडा, ता. हिंगोली
९ डिसेंबर १९९५

चि. हेमास रावजीचा जयभीम.

गाणं सहा तारखेच्या अभिवादन सभेत कुसुमबाईनं गायलं. तिचे पुढचे दात गेल्यात, तरी शब्द सुटत नाहीत. 'झरा गोडाचा वाहे' म्हटलं आणि बायामाणसं डोळे पुसायला लागली. तीन वेळा 'पुन्हा, पुन्हा' झालं. साळवे मास्तर उठले, म्हणाले, "ह्याला म्हणतात कवी. दशरथनं समुद्र पाहिला तो दादरला, तोही गर्दीच्या डोक्यांवरनं. पण त्याच्या पोटातलं गोड पाणी ह्यालाच दिसलं."

 बावीस वर्षं त्याच्या शेजारी बसलो आणि हे गाणं माझ्या कानावर कधी पडलं नाही. मला का नाही म्हणून दाखवलं त्यानं? असं मनात आलं, खोटं का बोलू. मग म्हटलं, जाऊ दे, नवराबायकोत काही राहायला पाहिजेच.

आता आणखी एक. विहाराशेजारी वाचनालयाची खोली होतीय. पंच मंडळींनी ठरवलं, पाटी 'लोककवी दशरथ वाचनालय' अशी लावायची. तू घाई कर आणि आठवतंय तेवढं सगळं लिहून काढ. त्याचा खजिना तुझ्या डोक्यात आहे. तू तिकडं काय खातीस-पितीस ते बघ, डोकं जप.

पाचही गाण्यांची कॅसेट भरलीय. गावोगाव लोक त्यावरून दुसऱ्या भरून नेतात.

रावजी


झिंज
शुक्रवार, १२ जानेवारी १९९६

रावजीदादा,
जयभीम.

तुमची कॅसेट तुमच्या पत्राआधी इथं पोचली. कशी ते ऐका.

आमचा एसी बिघडला म्हणून कंपनीनं माणूस पाठवला. पंचविशीचा असेल. शिडीवर चढून त्यानं झाकण काढलं आणि काम करता करता शीळ घालायला लागला. दादा, शीळ आपल्या गाण्याची. खारट दर्याची. माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"कुठलं रे गाणं हे?"

तो जरा बिचकला. या घरात काय सांगावं असं त्याला वाटलं असणार. म्हणाला, "आमच्याकडचं आहे बाई. तुम्हाला माहीत नसेल."

"तुमच्याकडचं म्हणजे कुठलं?"

"नांदेड साइड. कवी दशरथ म्हणून होते."

"ते माझे मालक होते," मी म्हटलं.

तो शिडीवरून उतरला, हात पँटीला पुसले आणि माझ्या पाया पडायला लागला. मी मागं सरले. त्याचं नाव सुजीत. सलमाबादला कामगारांच्या खोल्यांत राहतो. आपली वीस-बावीस मुलं तिथं आहेत, कुणी वायरमन, कुणी वेल्डर. रजेवर गेलेल्या कुणीतरी कॅसेट आणली आणि आता ती सगळ्या खोल्यांतून फिरते. म्हणाला, "वहिनी, तुम्ही किती नशीबवान! असा माणूस रोज डोळ्यांनी बघितलात." मग विचारलं, "दादा लिहायला कधी बसायचे? पहाटे का?"

मी म्हटलं, "ठरलेली वेळ नव्हती."

तो गेला. एसी चालू झाला, खोली गार झाली. मी मात्र ओट्यापाशीच उभी राहिले. भात बुडाला लागेपर्यंत राहिले. सुनीताताईंनी विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, गावाकडचा मुलगा भेटला. "अय्या, मग रडताय कशाला?" त्या म्हणाल्या.

दादा, तुम्हाला एक सांगायचं आहे. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. वाचनालयाची पाटी लागू दे, मग लिहीन.

हेमा


सावरखेडा
२० एप्रिल १९९६

चि. हेमास,

जयंती झाली, पण घास गोड लागला नाही. सगळं लिहितो, घाबरू नको.

चौदा तारखेला वसमतची पार्टी बोलावली होती, सामना ठेवला होता. तुला रीत माहीत आहे, आपण गायचं, त्यांनी सवाल टाकायचा, मग उलट. त्यांचा गायक अनिरुद्ध, शाळेत मास्तर आहे, एम. ए. झालेला. पोरगं वाईट नाही, पण जीभ म्हणजे वस्तरा. कुसुमबाईचं गाणं संपलं, टाळ्या थांबल्या, तसा तो माईकवर आला.

"रावजीकाका, एक शंका आहे. चमत्कार मानू नका असं बाबासाहेबांनी सांगितलं ना आपल्याला?"

मी म्हटलं, "सांगितलं."

"मग हे समुद्रात गोड पाणी कुठनं काढलं? उद्या रेड्याच्या तोंडून वेद वदवाल! देव सोडून आलो आपण आणि भीमाच्या गाण्यात चमत्कार घालतो? आता तिसरीतली पोरं समुद्राचं पाणी गोड म्हणून लिहितील, मी मार्क कुणाचे कापू, त्यांचे का दशरथदादांचे?"

लोक हसले, हेमा. दशरथच्या गाण्यावर आपल्या गावात लोक हसले. मी म्हटलं, कवीची उपमा आहे. तो म्हणाला, "उपमा असेल तर 'जसा' म्हणा. इथं सरळ 'वाहे' म्हटलंय. असा झरा आहे का? कुणी पाहिला? साक्ष कोण? अश्विन पौर्णिमेला मी पुन्हा येतो. तोवर साक्ष आणा, नाहीतर गाणं मागं घ्या."

सवाल घेतला म्हणजे उत्तर देणं आलं. पंच म्हणाले, तोपर्यंत पाटीचं थांबू. ज्याच्या गाण्यात चमत्कार निघतो त्याचं नाव वाचनालयाला कसं द्यायचं. माझ्याशी कुणी वाकडं बोललं नाही, पण चहाला बोलावताना आवाज पडलाय लोकांचा.

तुझ्याजवळ दशरथ काही बोलला होता का? कुठं ऐकलं, कुठल्या पुस्तकात वाचलं? नीट आठवून लिही. तुझ्याशिवाय सांगणारं कुणी नाही.

रावजी


झिंज
शुक्रवार, १० मे १९९६

रावजीदादा,

खाली बसून वाचा. कुसुमबाईंना आत्ताच वाचून दाखवू नका.

ते गाणं यांचं नाही. माझं आहे. आधी पाठवलेली चारही माझी. आणि त्याआधीची, वहीतली, जुन्या कॅसेटमधली, ज्यांच्यावर तुम्ही बावीस वर्षं ढोलकी वाजवलीत तीही माझी. चाली दोघांच्या. गळा त्यांचा.

पहिलं गाणं कापूस वेचताना सुचलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. घरी आल्यावर यांना म्हणून दाखवलं. ते उठून उभे राहिले. म्हणाले, शेवटच्या कडव्यात कवीचं नाव लागतं, तुझं घाल. मीच नाही म्हटलं. मला वाटलं, स्टेजवरून बाईचं नाव आलं की लोक गाणं सोडून बाई कोण ते बघतील. म्हटलं, तुमचं घाला. ते म्हणाले, "ह्या वेळी घालतो, पुढच्या गाण्यात तुझं." दादा, ते पुढचं गाणं आलंच नाही. प्रत्येक गाणं 'ह्या वेळचं'च निघालं.

त्यांनी माझं काही चोरलं नाही. हे नीट ध्यानात घ्या. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात म्हणाले, "वहीवर तुझं नाव लिही, रावजीला मी सांगतो." त्यांचं सांगायचं राहिलं. मीही लिहिलं नाही. ते गेल्यावर तर त्यांचं नाव शेवटी घालणं एवढंच माझ्या हाती उरलं होतं. आपल्याकडं बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. मी ते कागदावर घ्यायचे. या परक्या घरात सगळे झोपायच्या खोल्यांत गेले की ओट्यावर कागद ठेवून तेवढं एक नाव लिहायचं, की कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटायचं. म्हणून नवी गाणीही त्यांच्या नावानं पाठवली. 'आठवलं' असं लिहिलं ते खोटं होतं.

आता सवालाचं उत्तर. हा चमत्कार नाही. इथल्या जमिनीखालून गोडं पाणी वाहत जातं आणि समुद्राच्या तळाशी फुटतं. आमिनाबाईचे वडील मोत्यांच्या होड्यांवर तीन-चार महिने समुद्रावर असायचे. प्यायचं पाणी संपलं की कातड्याची पिशवी घेऊन बुडी मारायचे, झऱ्याच्या तोंडावर धरायचे, पिशवीचं तोंड आवळून वर आणायचे. आमिनाबाईनं लहानपणी ते पाणी प्यायलं आहे. हे ऐकलं त्या दिवशीच मी गाणं लिहिलं.

पण तुम्ही हे सांगितलंत की अनिरुद्ध मास्तर विचारतील, बहरीनमधलं दशरथला कसं कळलं? तेव्हा माझं नाव घ्यावं लागेल. नाही घेतलं तर आमचे हे खोटे ठरतील. मला दोन्ही नको होतं. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा.

हेमा


झिंज
शुक्रवार, १९ जुलै १९९६

रावजीदादा,

दोन महिने झाले. फ्रिजवर रोज बघते. सुनीताताईंचं मासिक येतं, बँकेची पाकिटं येतात.

उन्हाळा फार आहे. नळाचं थंड पाणीसुद्धा कढत येतं. शिवांगी सुट्टीत आईबरोबर पुण्याला गेली आहे. घरात मी आणि पंखा. साहेब सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. आता घरात कुणी नसतं, वरखालची माणसंही सुट्टीला गेलीत, मोठ्यानं गायला हरकत नाही, तर सूर लागत नाही. परवा दुपारी प्रयत्न केला. आपलाच आवाज खोलीत दुसऱ्या कुणाचा असावा तसा वाटला.

तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा. शिव्या लिहा. पण लिहा.

हेमा


सावरखेडा
६ ऑगस्ट १९९६

चि. हेमास,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं आलं त्या दिवशी ढोलकी खुंटीला टांगली ती परवा काढली. दोरी ढिली पडली होती. आमची म्हातारी विचारायची, "काय ओ, कुणी मेलं काय?" मी म्हटलं, मेलेला पुन्हा मेला.

राग आला होता. कशाचा, ते मला आजही धड सांगता येत नाही. दशरथ माझ्याशी खोटं बोलला त्याचा, का तू मला परका धरलंस त्याचा. बाबासाहेबांच्या नावानं गाणाऱ्या आमच्या पार्टीत बाईला नाव लपवावं लागलं, ह्याचा राग खरं तर यायला पाहिजे होता. तो सगळ्यात शेवटी आला. हे कबूल करतो.

मग एक आठवलं. दशरथला मी कधी लिहिताना पाहिलं नाही. नवं गाणं आणलं की मी विचारायचो, "कधी झालं रे?" तो म्हणायचा, "घरी झालं." बावीस वर्षं तेच उत्तर. त्यानं मला कधी 'मी केलं' म्हटलं नाही. मीच ऐकलं नाही.

आता कामाचं बोलतो. अनिरुद्ध सोडणार नाही. तू स्वतः तो झरा पाहिलास का? पाणी चाखलंस? पाहिला असशील तर मी छाती ठोकून सांगीन.

रावजी


झिंज
शुक्रवार, ३० ऑगस्ट १९९६

रावजीदादा,

तुमचं पत्र वाचून भांडी तशीच टाकली आणि आमिनाबाईकडं गेले. म्हटलं, मला झरा दाखवा. ती हसली. "कौनसा झरा? सब खलास." मी सोडलं नाही. शेवटी तिनं भाच्याला, फारुखला, बोलावलं. आज सकाळी ऊन चढायच्या आत त्याच्या गाडीतून आम्ही किनाऱ्यावर गेलो. आमिनाबाई पुढं, काळा बुरखा सावरत. "यल्ला हेमा, यल्ला," म्हणजे चल, चल, असं म्हणत ती माझ्यापेक्षा भरभर चालत होती.

ओहोटी होती. इथला समुद्र मागं गेला की फर्लांग-दोन फर्लांग जातो. खाली करडा चिखल, शिंपले, दगड. पाण्याच्या कडेला तिनं एक जागा दाखवली. दगडांचं गोल कडं, कुणीतरी कधीतरी हातानं रचलेलं. मध्ये वीतभर पाणी. तिथं ती लहानपणी घागर घेऊन यायची.

मी ओंजळ भरून प्यायले. खारं होतं, दादा. दोनदा प्यायले. दोन्हीदा खारं.

आमिनाबाईनंही बोट बुडवून चाखलं आणि थुंकली. फारुख म्हणाला, सगळीकडं पंप बसले, वस्त्या वाढल्या, खालचं पाणी वरच ओढलं गेलं. आमिनाबाई दगडावर बसून राहिली. मग एकदम माझा हात धरून म्हणाली, "झूठ नहीं बोला मैं." मला म्हाताऱ्या माणसाचं ते वाक्य सहन झालं नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे.

तर मी झरा पाहिलेला नाही. चाखलेला नाही. मी आमिनाबाईच्या शब्दावर गाणं लिहिलं. आता तुम्हाला माझ्या शब्दावर उभं राहायचं आहे. जमेल का ते मला ठाऊक नाही. जमलं नाही तर गाणं मागं घ्या, मी काही म्हणणार नाही. पण मागं घेताना ते कुणाचं होतं एवढं सांगा.

हेमा


सावरखेडा
३० ऑक्टोबर १९९६

चि. हेमास,

पौर्णिमेला सामना झाला. जसं झालं तसं लिहितो, माझी बाजू न घेता.

गर्दी खूप. अनिरुद्ध उभा राहिला. "काय काका, आणला का झरा?" लोक हसले. मी जमिनीखालच्या पाण्याचं सगळं सांगितलं. पिशवीचं, बुडीचं. साक्ष म्हणून आमिनाबाईचं नाव घेतलं. आज झरा आटलाय, तेही लपवलं नाही. तो ऐकत होता. पोरगं ऐकतं, हा त्याचा गुण. मग म्हणाला, "हे तुम्हाला कुणी कळवलं?"

"हेमानं. ती तिथंच आहे."

"हेमावहिनी तिथं गेल्या चौऱ्याण्णवला. दशरथदादा गेले ब्याण्णवला. मग त्यांना कसं कळलं?"

जिभेवर आलं होतं, हेमा. शप्पथ सांगतो. पण समोर रंगवून ठेवलेली पाटी भिंतीला टेकवली होती, पहिल्या रांगेत श्रावस्ती बसली होती, आणि त्या सगळ्या माणसांत माझा धीर सुटला. मी म्हटलं, "आधी गाणं ऐक, मग विचार." कुसुमबाईला मी दुपारीच सांगून ठेवलं होतं, शेवटच्या कडव्यात नावाची जागा मोकळी सोड. का, ते सांगितलं नव्हतं. ती जागा आली. ती थांबली. मी तिथं नुसते तीन ठोके दिले. तुझं घ्यायची हिंमत नव्हती आणि त्याचं घ्यायला तोंड नव्हतं.

आणि लोकांनीच, बाया, पोरं, सगळ्यांनी एका आवाजात 'दशरथ' म्हटलं. अनिरुद्धनंसुद्धा म्हटलं. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, डोळे पुसून हात जोडून खाली बसला. सवाल मिटला. पाटी त्याच दिवशी लागली.

आता लोक काय म्हणतात माहीत आहे? दशरथनं न बघता सांगितलं आणि बायकोनं परदेशात जाऊन खरं करून पाहिलं. चमत्कार नको म्हणणाऱ्यांनी चमत्कारच केला की गं शेवटी.

श्रावस्तीला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, मला माहीत होतं. आई भाकरी थापताना पुटपुटायची, तेच बाबा संध्याकाळी गायचे." मग मला म्हणाली, "तुम्ही घाबरलात ना?" मी हो म्हटलं. तिनं मला चहा करून दिला.

मला माफ कर म्हणणार नाही. तुला काय वाटेल ते लिही.

रावजी


झिंज
शुक्रवार, २५ एप्रिल १९९७

रावजीदादा,
सविनय जयभीम.

तुमच्या पत्राला सहा महिने उत्तर दिलं नाही. राग होता. थोडा थोडा रोज यायचा, कणीक मळताना जास्त. श्रावस्तीनं तीन पत्रं लिहिली. तिची मास्तरीण व्हायची परीक्षा झाली. तिला वाटतं मी परत यावं. ती लागली नोकरीला की येईन.

आता उत्तर द्यायचं कारण घडलं. गेल्या शुक्रवारी सलमाबादच्या मुलांनी जयंती केली. त्यांच्या जेवणाच्या हॉलमध्ये, लांबट लोखंडी टेबलं बाजूला सारून. सुजीत बोलवायला आला होता. सुनीताताईंना मी पहिल्यांदाच सांगितलं कुठं जायचं आहे आणि कशासाठी. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आरती…" मग साहेबांना गाडी काढायला सांगितली.

साठ-सत्तर माणसं होती. बाई मी एकटी. सुजीतनं माईकवर सांगितलं, लोककवी दशरथदादांच्या पत्नी आपल्यात आहेत, त्या दादांचं गाणं गातील. ढोलकी नव्हती. एका वेल्डरनं टेबलावर ठेका धरला, बराच बरा होता, तुमच्यासारखा नाही.

तीन वर्षांनी मी मोठ्यानं गायले. पहिल्या ओळीला आवाज फाटला. दुसऱ्या कडव्यापासून लागला. समोर नुसती पोरं, कुणाच्या हाताला भाजल्याच्या खुणा, कुणी कामावरून तसाच आलेला. ती ऐकत होती आणि मला वाटलं, हे सगळे माझ्याइतकेच गप्प राहतात इथं. शेवटच्या कडव्यात माझं नाव घालायचं मी ठरवून गेले होते. गाडीत मनात म्हणून पाहिलं होतं. माझं नाव आखूड आहे, जागा भरायला 'हे' लांबवावं लागतं, तेही बसवलं होतं.

आणि जागा आली, तेव्हा माझ्या तोंडून 'दशरथ' आलं.

दादा, तुमच्या लोकांना मी सहा महिने मनात बोल लावत होते. माझीच जीभ तशी निघाली. तुमच्यावरचा राग तिथल्या तिथं गेला. तुम्ही निदान तीन ठोके मोकळे सोडले होते.

टाळ्या इतक्या झाल्या की टेबलं वाजली. पोरं उभी राहिली. सुजीत माईक घ्यायला पुढं आला. मी त्याला दिला नाही. म्हटलं, शेवटचं कडवं चुकलं, पुन्हा घेते.

"चुकलं कुठं वहिनी, बरोबर होतं की!"

"चुकलं," मी म्हटलं. "गाणं ज्याचं असतं त्याला कळतं."

पुन्हा घेतलं. 'हेमा म्हणे बुडी मार.' ठेका धरणारा एक मात्रा चुकला, मग सावरला. गाणं संपलं. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. सुजीत माझ्याकडं बघत होता, त्याचं तोंड उघडं होतं, आणि मग हळूहळू मिटलं. टाळ्या झाल्या, पण पहिल्यापेक्षा कमी. पुष्कळ कमी. त्या पडून थांबल्या तेव्हा छताचा पंखा ऐकू आला. मी माईक दिला आणि जाऊन माझ्या खुर्चीवर बसले.

तुमची,
हेमा